टायमर शून्यावर आल्यावर

वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात बोलण्याच्या ओघात मी लिहून गेलो की २०२० ते २०२२ अशी दोन वर्षं मी पुण्यात एका 'बिझनेस कोच'च्या ऑफिसात जाहिरातींचा मजकूर लिहायचो. त्यावर पत्रांचा ढीग आला. विम्याचे आणि बँकेचे प्रश्न त्यामुळे पुढच्या अंकात.

प्रश्न : माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, मेतकूट. महिन्याला पंधरा-वीस हजारांची विक्री होते. फेसबुकवर जाहिरात बघून ९९ रुपयांचा वेबिनार केला. त्यातून ४,९९९ रुपयांची तीन दिवसांची कार्यशाळा घेतली. मग फोन आला, आणि वर्षभराच्या मार्गदर्शनासाठी (जीएसटी धरून १ लाख १८ हजार) मी २० हजार टोकन भरून बसले. बाकीचे हप्त्यांवर. पैसे भरले तेव्हा रात्रीचे सव्वादहा झाले होते, मिस्टर झोपले होते. सकाळपासून पोटात गोळा आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्या माणसाला परत फोन केला तर म्हणाला, "मॅडम, ही भीती हाच तुमचा लिमिटिंग बिलीफ." (म्हणजे आपल्यालाच मागे खेचणारी समजूत.) मी बी.कॉम. आहे, हिशेब मला येतो. मग मी अशी कशी फसले? पैसे परत मिळतील का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, आधी पैशाचं बोलू, कारण त्याला मुदत असते. आपण फोनवर बोललोच आहोत, इथे इतरांसाठी लिहितो.

'हप्ते करून देतो' म्हणजे कोच उधारीवर शिकवतो असा अर्थ बहुतेक वेळा नसतो. एखादी फायनान्स कंपनी तुमच्या नावावर कर्ज काढते, रक्कम कोचला देते आणि हप्ते तुमच्या खात्यातून कापते. शिकवणी आवडो न आवडो, कर्ज तुमचं. हप्ता चुकला तर सिबिल (कर्जफेडीची पत) तुमचं खराब होतं, त्याचं नाही. मोबाइलवर काढलेल्या अशा कर्जातून ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडायची सोय रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केली आहे. मुदत कर्जाच्या कागदात असते आणि फार छोटी असते. तुमचं कर्ज मंजूरच झालेलं नव्हतं, हे नशीब. प्रश्न २० हजारांचाच उरला.

त्यासाठी फोनवर वाद घालू नका. ईमेल करा : अमुक तारखेला इतकं टोकन दिलं, सेवा सुरू झालेली नाही, मला ती नको, रक्कम परत करा. विक्रीचं पान, व्हॉट्सअॅपचे मेसेज, पावती, सगळ्याचे स्क्रीनशॉट आजच काढा. ते पान उद्या बदललेलं असू शकतं. दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरात, तक्रार करता येते. कोचचं ऑफिस कुठेही असो. रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षं. ते एक हरकत घेतील, की सेवा धंद्यासाठी घेतली म्हणजे या बाई ग्राहकच नव्हेत. म्हणून स्वतःच्या हाताने मसाला कुटून त्यावर पोट भरता, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही. पण 'टोकन परत मिळणार नाही' एवढं त्यांनी पावतीवर छापलंय म्हणून विषय संपतो, असंही नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. अशी कशी फसले.

त्या ऑफिसात जायच्या आधी मी नाशिकला साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती लिहायचो. 'दुकान बंद करणे आहे, मिळेल त्या भावात' ही पाटी एका दुकानदाराला मी लिहून दिली. ती चार वर्षं लटकत होती. एका पावसाळ्यात फाटली तेव्हा मालकाने तशीच नवी करून घेतली. बायका हसत हसत आत यायच्या. पण ती पाटी सगळ्या गल्लीला दिसायची. कोणी नवखी थांबलीच तर शेजारीण सांगायची, "अगं, हे दरवर्षीचंच आहे." मोबाइलवरची पाटी एकटीला दिसते. शेजारीण तिथे नसते. कोचच्या ऑफिसातला आमचा सगळा धंदा त्या शेजारणीला बाहेर ठेवण्यावर चालायचा.

९९ रुपयांपासून बघा. त्यातून कोणी श्रीमंत होत नाही, तुम्हाला ती जाहिरात दाखवायलाच आम्हाला त्याहून जास्त खर्च यायचा. ती गाळणी असते. ज्याने एकदा यूपीआयचा पिन टाकला तो आणि ज्याने नुसतं बघितलं तो, यांत फार अंतर आहे. १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग केला होता. अंगणात 'गाडी जपून चालवा' असा अवाढव्य, बेढब फलक लावू द्याल का, असं थेट विचारल्यावर शंभरातल्या सतराएक घरांनी होकार दिला. ज्यांच्याकडे आधी त्याच विषयाची तीन इंची चिकटपट्टी (स्टिकर) लावून घेतली होती, त्यांच्यात ७६. त्या चिकटपट्टीने ती माणसं स्वतःच्या मनात 'आपण या कामातले' झाली होती. तुमची चिकटपट्टी ९९ची.

मग वेबिनार. सुरुवात ठरलेली : 'मराठी माणूस धंद्यात मागे का?' हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. आईवडिलांनी 'आधी नोकरी बघ' असं कधी म्हटलेलं नाही, असा श्रोता आपल्याकडे सापडायचा नाही. पाच मिनिटांत माणसाला थोडी लाज वाटते, थोडा राग येतो, आणि दोन्हींवरचं औषध समोर बोलणाऱ्याकडेच असतं. पुढे दर सात-आठ मिनिटांनी 'पटतंय त्यांनी चॅटमध्ये येस लिहा'. संहितेच्या समासात मी पेन्सिलने 'इथे येस' अशा खुणा करायचो. किंमत सांगायची वेळ येईपर्यंत तुम्ही दहा-अकरा वेळा हो म्हणून बसलेल्या असता.

आणि 'सर लाइव्ह आहेत'? तुमचे होते की नव्हते, मला माहीत नाही. आमचे नव्हते. एकदा रेकॉर्ड केलेला वेबिनार आठवड्यातून दोनदा लागायचा. हजर माणसांचा आकडा सॉफ्टवेअर दाखवायचं, तो आम्ही ठरवायचो. चॅटमधले 'आत्ताच पेमेंट केलं सर, खूप आभार' हे मेसेज मी लिहिलेले होते. साताऱ्याचे एक गृहस्थ मीच जन्माला घातले. ते दर मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री ९ वाजून ५२ मिनिटांनी पैसे भरायचे.

किमतीचंही तसंच. 'या सगळ्याचं एकूण मूल्य १,४७,००० रुपये' असं आधी दाखवायचं, मग त्यावर लाल काट मारून ४,९९९. ते १,४७,००० मी एका दुपारी चहा पिताना बेरीज करून काढले होते. दोन पीडीएफ ५१ हजारांच्या, एक व्हॉट्सअॅप ग्रुप २५ हजारांचा, असं. बेरीज खोटी असली तरी काम करते. काहनमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७४च्या लेखात नोंदलेला प्रयोग याच्यापुढे साधा वाटावा : लोकांसमोर एक चाक फिरवलं, ते मुद्दाम १० किंवा ६५वरच थांबेल असं केलेलं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० बघितलेल्यांचा अंदाज २५च्या आसपास आला, ६५ बघितलेल्यांचा ४५च्या. चाकाचा आणि आफ्रिकेचा संबंध काय? काही नाही. आकडा डोळ्यांसमोरून गेला, बस.

टायमर. पैसे भरायच्या पानावर वेळ उलटी मोजणारा. तो तुमच्या फोनपुरता चालतो. तेच पान मिस्टरांच्या फोनवर उघडलं असतंत तर पुन्हा १५ मिनिटांपासून सुरू झालं असतं. शून्यावर आल्यावर काय व्हायचं, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. पान बनवणारा मुलगा म्हणाला, "काही नाही काका, रिफ्रेश केलं की परत पंधरा." खाली दोन बटणं : हिरवं 'हो, मला पुढे जायचंय', आणि बारीक अक्षरात 'नको, मला आहे तिथेच राहायचंय'. दुसरं माझं. त्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती. ३० नोव्हेंबर २०२३ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी असल्या तेरा युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' म्हणून मनाई केली. त्यात खोटी घाई आहे, आणि लाजवून होकार घेणारं माझं बटणही आहे. तक्रारीत हे शब्द वापरा.

राहिला तो रात्रीचा फोन. आमच्याकडे फोन साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान करायचे. जेवणं झालेली, ओटा पुसलेला, घर झोपायला लागलेलं. तीच बाई सकाळी 'बघू नंतर' म्हणते, हे फोनच्या नोंदींच्या शीटवर स्पष्ट दिसायचं. फोन करणाऱ्या मुलांकडे एक तक्ता असे : डावीकडे गिऱ्हाईक काय म्हणेल, उजवीकडे आपण काय म्हणायचं. चौथ्या ओळीत डावीकडे 'घरी विचारून सांगते'. उजवीकडे, 'ताई, भाजी आणायला विचारता का घरी? मग स्वतःच्या प्रगतीला परवानगी कशाला?' बायका यावर क्षणभर गप्प होतात, असा अनुभव होता. त्या गप्प होण्यातच टोकन मागायचं. आता भीती वाटते म्हटल्यावर 'लिमिटिंग बिलीफ' आलं ना? ती अकरावी ओळ. प्रत्येक शंकेला रोगाचं नाव दिलं की शंका घेणारा रोगी होतो.

तुम्हाला हिशेब येतो, तो करायला सवड दिली नाही एवढंच. महिन्याला २० हजारांची विक्री, मिरची-खोबरं-गॅस-पाकिटं जाऊन चौथा हिस्सा सुटतो असं धरा. म्हणजे ५ हजार. १ लाख १८ हजार भागिले ५ हजार. दोन वर्षांची कमाई. दुपारी वही घेऊन बसला असतात तर दोन मिनिटांत तो कागद बाजूला टाकला असतात.

मिस्टरांना आज सांगा. रागावतील. रागावू द्या. शिकायचंच असेल तर बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, बहुतेक जिल्ह्यांत आहेत. मूळ कल्पना १९८२ सालची, कर्नाटकातल्या उजिरे गावची. प्रशिक्षण मोफत. तिथे टायमर नसतो. कधीकधी पंखाही नसतो. पण पाकिटावर काय छापायचं, परवाना कुठला, हे शिकवणारा माणूस समोर बसलेला असतो आणि त्याला उलट प्रश्न विचारता येतो.

प्रश्न : माझ्या बावीस वर्षांच्या मुलाने स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोडून ऑनलाइन कमाईचे चार कोर्स घेतले. साठ-बासष्ट हजार गेले. आता तोच कोर्स तो मावसभावांना विकतो, कमिशन मिळतं म्हणतो. भावंडांनी त्याचे फोन घेणं बंद केलंय. मी बोललो की म्हणतो, "इतकं केलंय, आता सोडून कसं चालेल?"
– एक वडील, नांदेड

उत्तर : एसटीची वाट बघत चाळीस मिनिटं उभा राहिलेला माणूस समोर आलेली वडाप सोडतो. आता येईलच गाडी, इतका वेळ थांबलोय ना. तुमचा मुलगा त्या थांब्यावर आहे. ओरडून तो हलणार नाही. उलट 'घरचे विरोध करतीलच, तो यशाचा पहिला टप्पा' हे त्याला तिसऱ्या धड्यातच शिकवलेलं असणार. मीही ते लिहून दिलेलं आहे. तुम्ही ओरडलात की त्यांचं भाकीत खरं ठरतं.

त्याच्याबरोबर बसून बँकेचं स्टेटमेंट काढा. किती गेले, किती आले, दोन रकाने. तो 'सरांच्या कमाईचे स्क्रीनशॉट' दाखवील. तेव्हा त्यालाच सांगा, लॅपटॉपवर बँकेचं पान उघड, 'इन्स्पेक्ट' (पानावरचा मजकूर आपल्या पडद्यापुरता बदलायची सोय) कर आणि शिल्लक ९० लाख करून दाखव. या वयाच्या पोरांना दोन मिनिटं लागतात. स्वतःच्या हाताने केलेलं तो विसरणार नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे विचारा : कोर्स घेणारे मावसभाऊ त्यातून काही शिकतात, की तेही पुढे कोर्सच विकतात? माणसं जोडण्याचेच पैसे मिळत असतील तर बक्षीस चिठ्ठी आणि पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा १९७८चा कायदा आहे. थेट विक्रीच्या २०२१च्या नियमांतही पिरॅमिड योजनांना मनाई आहे. तो तिथे गिऱ्हाईक आहे तोवर फसलेला आहे. विकायला लागला की फसवणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसतो.

प्रश्न : व्हिडिओ लाइक करायचे दिवसाला हजार रुपये. पहिले तीन दिवस पैसे आले. आता 'प्रीपेड टास्क'साठी ५ हजार भरा म्हणतात.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : भरू नका. भरले असतील तर हे वाक्य वाचून होण्याआधी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन लावा. ही सरळ चोरी आहे, वरच्या दोन पत्रांशी तिचा संबंध नाही.

प्रश्न : मी ठाण्यात लहान दुकानदारांना टॅली आणि जीएसटीचं काम शिकवतो. प्रामाणिकपणे शिकवतो. पण 'शेवटच्या ५ जागा' लिहिलं नाही तर कोणी नावच नोंदवत नाही. तुम्ही सगळ्यालाच फसवणूक म्हणणार का?
– एक प्रशिक्षक, ठाणे

उत्तर : नाही. खोलीत बारा खुर्च्या असतील आणि सात भरल्या असतील तर पाच जागा उरल्यात हे लिहाच. १ तारखेपासून फी वाढणार असं छापलंत तर १ तारखेला वाढवा, आणि २ तारखेला तुमचा मेहुणा आला तरी कमी करू नका. पण खुर्च्या बारा आणि जागा कायम पाच, असं असेल तर तो माझा जुना धंदा झाला. जुने तीन विद्यार्थी, त्यांच्या दुकानाच्या नावासकट आणि त्यांना विचारून, पत्रकावर टाका. नवा माणूस त्यांच्याकडे जाऊन चौकशी करील आणि दोन दिवस उशिरा येईल. तेवढं थांबा.

प्रश्न : ज्याने स्वतः हे उद्योग केले त्याने आम्हाला शहाणपण शिकवावं, हे आम्हाला पटत नाही. किती मिळवलेत? आणि सोडलंत का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : पंचेचाळीस हजार पगार आणि विक्रीवर एक टक्का. टाळेबंदीत साड्यांची दुकानं बंद, जाहिराती बंद. मुलीची फी भरायची होती. हे कारण आहे, समर्थन नाही.

सोडलं ते एका मेलबॉक्समुळे. वेबिनारनंतर रात्री ११ला सरांच्या नावाने एक मेल आपोआप जायची. मीच लिहिलेली : 'झोप येत नाहीये. तुमच्याबद्दलच विचार करतोय. तुमची अडचण मला मोकळेपणाने लिहा.' ज्या पत्त्यावरून ती जायची तो पत्ता कोणी उघडत नसे. २०२२च्या पावसाळ्यात जागा भरली म्हणून मला तो साफ करायला सांगितला. आत दोनशेच्या वर उत्तरं होती, एकही कोणी उघडलेलं नव्हतं.

सिंधुदुर्गातल्या एका बाईंनी दोन पानं लिहिली होती. 'सर, तुम्ही माझ्यासाठी एवढ्या रात्री जागे आहात हे वाचून बरं वाटलं.' मग खाली कैरीच्या लोणच्याचा हिशेब : कैरी किती किलो, मीठ, मोहरी, तेल, बरण्या, आणि शेवटी, 'एका बरणीमागे मला अकरा रुपये सुटतात, यात माझं काय चुकतंय?' तेल त्यांनी किरकोळ भावाने धरलं होतं. डबा घेतला असता तर बरणीमागे चारेक रुपये तिथेच वाचले असते. एवढंच होतं.

मी माझ्या नावाने तसं उत्तर पाठवलं. पत्र येऊन चार महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी त्यांची एक ओळ आली : 'राहू द्या, आता कैऱ्या संपल्या.'